काळविटाचा लाइट

अमडापूरच्या फोटोवाल्या शकूरभाईनं पंचवीस वर्षांत आजूबाजूच्या गावांतले इतके नवरदेव काढले होते, की त्यातल्या काहींची पोरं आता लग्नाला आली होती. घोड्यावरचे, घामेजलेले, फेटा भुवयांवर आलेले, सगळे. काळवीट मात्र त्याला एकही धड काढता आलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याची बायको गुलनाज चारचौघांत हसत सांगायची.

गुलनाजला जाऊन आता बावन्न दिवस झाले होते. थंडी सरता सरता एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि चिखलीला नेईपर्यंत सगळं संपलं. चाळिसावा झाला, पाहुणे पांगले, शकूर पुन्हा स्टुडिओ उघडून बसायला लागला. तो रडला नव्हता. लोकांनी आधी त्याला धीराचा म्हटलं, मग दगड म्हटलं. लोकांचं काय, त्यांना दोन्ही म्हणायला फुकटच असतं. खरं म्हणजे त्याला काही वाटतच नव्हतं. वेळेवर भूक लागत होती, झोप येत होती, पासपोर्ट फोटोला बसलेल्या माणसाला हनुवटी वर घ्यायला सांगता येत होतं. याचीच त्याला थोडी भीती वाटत होती.

पण लेकीपुढं हे चालत नव्हतं. आयशा अकोल्याला नर्सिंग शिकत होती आणि रोज संध्याकाळी फोन करून एकच मागत होती, अम्मीचा एक चांगला फोटो. आधार कार्डावरचा नको, त्यात अम्मी पकडून आणलेल्या चोरासारखी दिसते. निकाहच्या फोटोत तर सेहऱ्याखाली तोंडच दिसत नाही.

"ढूंढ रहा हूँ बेटा," शकूर रोज म्हणायचा.

ते खोटं होतं. शोधण्यासारखं काही नव्हतंच. मोबाइलवर कुणी फोटो काढायला लागलं की गुलनाज तोंडापुढं हात धरायची. घरात फोटोवाला असताना मोबाइलवर कोण काढतं, असं तिचं म्हणणं. आणि घरातल्या फोटोवाल्यानं तिचे हजारो फोटो काढले होते, ते लाइट पाहायला. लग्नाला निघण्याआधी तो तिला अंगणात उभी करायचा, दोन-चार फोटो घ्यायचा, लाइट जमला की तिथंच उडवून टाकायचा. कार्ड गिऱ्हाइकासाठी रिकामं पाहिजे, हा त्याचा धंद्याचा नेम होता. नेम त्यानं एकदाही मोडला नाही.

त्या दिवशी त्यानं स्टुडिओचं शटर अर्ध्यावर ओढलं, मोठी लेन्स घेतली आणि उंद्रीच्या शिवारात गोजरबाईच्या शेतावर गेला. गुलनाज आणि गोजरबाई जुन्या मैत्रिणी. तिथल्या कळपात एक काळवीट होतं, शाईसारखं काळं, पिळाची शिंगं मागं टाकून चालणारं. गुलनाज त्याला नवरदेव म्हणायची. सगळ्या दुनियेचे नवरदेव काढता, माझा तेवढा एक काढून द्या, असा तिचा हट्ट होता. लेकीला आईचा फोटो देता येत नाही, तर निदान आईनं मागितलेला तरी देऊ, एवढाच शकूरचा हिशेब होता.

गोजरबाई निंबाखाली बसली होती. त्याला पाहून तिनं पाण्याची कळशी पुढं केली.

"जेवले का भाऊ?"

"हाव."

"काऊन एवढ्या उन्हाचे आले?"

"दुपारीच येतात ना पाण्याले."

ते खरंच होतं. सकाळच्या मऊ उजेडात कळप दूर माळावर असायचा. माथ्यावर ऊन आलं, की तो उन्हाळी भुईमुगाच्या कडेला, तुषार सिंचनाच्या पाइपाचा जोड गळतो तिथं पाण्याला यायचा. फोटोला त्याहून वाईट वेळ नाही आणि त्याहून वाईट जागाही नाही. रोही आणि हरणं पिकात शिरू नयेत म्हणून गोजरबाईनं बांधावर खांब रोवून जुन्या साड्या ताणल्या होत्या. हिरवी, भगवी, फुलाफुलाची, एक जरीची. त्यात विजेचा खांब, पाइपांची वेटोळी, खताची रिकामी पोती. एखादं लग्न मांडवासकट विस्कटून पडावं, तसं ते दिसत होतं.

तासाभरानं कळप आला. माद्या पुढं, नवरदेव मागं. शकूर पोटावर सरकला. पहिल्या फोटोत काळवीट म्हणजे नुसता काळा डाग आला, डोळा कुठला न् मान कुठली कळेना. उजेड वाढवला तर साड्या, माती, आभाळ सगळं पांढरंफटक झालं. उन्हात पडद्यावरचं काही नीट दिसेना, म्हणून तो टोपीखाली कॅमेरा धरून पाहत होता. नवरदेवानं मान वर केली. तो आता जाणार होता.

तेव्हा शकूरला कॅमेऱ्यावरच्या गोल चकतीची आठवण झाली.

मागच्या एप्रिलात याच बांधावर, अशाच दुपारी त्यानं गुलनाजला उन्हात उभी केली होती. तिचा बुरखा काळा, काळविटाची पाठ काळी. तिच्यावर लाइट जमला म्हणजे त्याच्यावर जमला, असा त्याचा अंदाज होता.

"मैं क्या हिरन हूँ?" ती करवादली होती. गोजरबाई निंबाखाली पोट धरून हसली होती. दहा-बारा फोटो झाल्यावर लाइट जमला, पण तेवढ्यात कळप निघून गेला. दर वेळी उन्हात उभी राहणार नाही, जमलंय ते कॅमेऱ्यात जपून ठेवा, असं तिनं ठणकावलं. त्यानं ते आकडे चकतीच्या एक नंबरावर साठवले. मग नेमाप्रमाणे तिचे फोटो उडवले.

त्यानं चकती एकवर फिरवली. शटर आठशे, अपर्चर आठ, आयएसओ दोनशे. बोट दाबलं.

फोटो आला. पाठीवरचा केस न् केस, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं, शिंगांचे पीळ. मागं साड्या, खांब, पाइप, सगळी अडगळ होती, पण नवरदेव त्या सगळ्यात उठून दिसत होता. गोजरबाईनं पदराची सावली धरून फोटो पाहिला.

"तिनं पाहाले पाह्यजे होता," ती म्हणाली.

शकूरनं मान हलवली. घरी येऊन त्यानं फोटो आयशाला पाठवला. फोन वाजायच्या आधीच त्यानं स्वतः लावला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. अम्मीचा फोटो नाही. मीच उडवले, सगळे. या हरणाचा काळा रंग आहे ना, तो तिच्या बुरख्यावर मापलेला आहे. तेवढंच उरलंय.

आयशा रागावेल, असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही.

"अब्बा, उस दिन अम्मी का चेहरा खुला था?"

"हाँ. नकाब ऊपर था."

"हँस रही थी क्या?"

शकूरनं तोंड उघडलं. बांध त्याला दिसत होता. ऊन दिसत होतं, काळं कापड दिसत होतं, खांद्यावरची त्याची चुणीसुद्धा दिसत होती. आठशे, आठ, दोनशे, तिन्ही आकडे तोंडपाठ होते. त्यानं सगळं लक्ष काळ्यावर ठेवलं होतं. चेहऱ्याकडे त्यानं पाहिलंच नव्हतं.

"अब्बा?"

त्यानं फोन कानाशी तसाच धरला. मग बावन्न दिवसांत पहिल्यांदा तो रडायला लागला, आणि लेक पलीकडून ऐकत राहिली.