फिरती खुर्ची

गुणमालेच्या कानाचा आजार केव्हाच बरा झाला होता. चक्कर मात्र राहिली होती. दोन वर्षांपूर्वी तापात आतल्या कानाच्या नसेला सूज आली, औषधांनी ती उतरली, पुढच्या सगळ्या तपासण्याही स्वच्छ निघाल्या. तरीही ती उभी राहिली की पायाखालची फरशी कृष्णेतल्या नावेसारखी डोलायची.

सांगलीच्या दवाखान्यात तिच्यावर दोघीजणी एकत्र उपचार करत. फिजिओथेरपिस्ट राणी तिला मान वळवत चालायला लावी, मऊ गादीवर डोळे मिटून उभी करी. साताऱ्याहून येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ मंगलताई शेजारी बसून दोनच प्रश्न विचारत. आता काय होईल असं वाटतंय? आणि थोड्या वेळाने, प्रत्यक्षात काय झालं? पहिल्याचं उत्तर नेहमी एकच असे, मी पडणार. पण ती पडली एकदाही नव्हती. आपलं शरीर बिघडलेलं नाही, ते भ्यायलंय आणि विनाकारण पहारा देत बसलंय, हे हळूहळू तिच्या ध्यानात येत गेलं. शेवटच्या टप्प्यात फिरती खुर्ची आली. तिथे वेग गुणमालेनेच ठरवायचा, थांबायचंही तिनेच. आणि भोवळ ओसरण्याआधी उठून पाण्याने भरलेला तांब्या भिंतीपर्यंत न्यायचा.

तांब्याला कारण होतं. गावात पंचकल्याणक, म्हणजे जैन मूर्तीच्या प्रतिष्ठापनेचा महोत्सव ठरला होता आणि त्यातल्या सौधर्म इंद्राच्या मानाचा सवाल तिच्या नवऱ्याने, जवाहरने, बोली लावून घेतला होता. जन्मकल्याणकाच्या दिवशी बाल-तीर्थंकरांची मूर्ती इंद्राणीने, म्हणजे इंद्राच्या बायकोने, सर्वांआधी हातात घ्यायची, मग ती इंद्राकडे सोपवायची आणि दोघांनी हत्तीवरून पांडुकशिलेकडे अभिषेकाला निघायचं. इतक्या वर्षांच्या संसारात गुणमालेने स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं. ही मूर्ती मात्र तिला हातात घ्यायची होती.

महोत्सव जवळ आला तसे समितीचे नानासो आणि आणखी काहीजण घरी येऊन बाहेरच्या सोप्यात बसले. वहिनींना झेपेल ना, असं त्यांनी आडून विचारलं. त्यांची शंका एकदाची फिटावी म्हणून जवाहरने खरं तेच सांगितलं. कानात आता काही दोष उरलेला नाही, उरलंय ते मनाचं, आणि त्यावर मनाच्या डॉक्टरीणबाईंचे उपचार चालू आहेत.

"म्हंजे डोक्याचं हाय व्हय?" नानासो म्हणाले. "देवाची मूर्ती हाय गड्या. हातातनं सुटली तर गावानं तोंड कुठं दावायचं?"

जवाहरचा चेहरा उतरला. तो आत गेला आणि धाकट्या भावाची, सम्मेदची, कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढत, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आला. गुणमालेला बोलावून त्याने तिला खुर्चीत बसवलं. दवाखान्यात हेच करतात, तुम्हीच बघा, असं तो पाहुण्यांना म्हणाला. मी माझी फिरते, असं तिने हळूच सांगितलं. पण तोवर त्याने खुर्चीची पाठ धरून तिला गरगर फिरवलं होतं. भिंती, पाहुणे, दारात उभी असलेली जाऊ राजमती, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. खुर्ची थांबली तेव्हा गुणमाला उठली. पडणार, असं तिला वाटलं. तिने तांब्या उचलला आणि ती सोपा ओलांडून खांबापर्यंत गेली. पाण्याचा थेंबही सांडला नाही.

"बघितलं न्हवं?" जवाहर म्हणाला.

"ते एका अंगानं झालं." नानासोंचा आवाज शांत होता. "हत्ती दोन्ही अंगांनी डुलतोय."

कुणीतरी हसलं.

"आवं, जरा थांबूया," गुणमाला म्हणाली.

"बस गं. आत्ता जमलंय की."

त्याने तिला उलट्या बाजूने फिरवलं, आधीपेक्षा जोरात, आणि ती उठू पाहत असतानाच पुन्हा फिरवलं. या तिसऱ्या वेळी कुणी सांगितलेलं नव्हतं. खुर्ची थांबल्यावर ती तांब्या घेऊन निघाली आणि दोनेक पावलांत कोसळली. नानासोंच्या पायांशी तिला उलटी झाली. त्यांनी पाय वर घेतले. सवाल घरातच राहू द्या, इंद्र-इंद्राणी म्हणून सम्मेद आणि राजमती बसतील, असं त्यांनी जाता जाता ठरवून टाकलं. राजमतीने मान खाली घातली. नाही मात्र म्हटलं नाही. पाहुणे गेल्यावर जवाहर बायकोला एवढंच म्हणाला, "एवढं तरी करायचंस."

दवाखान्यात गुणमालेने हे सांगितलं तेव्हा राणीने पुन्हा गादीपासून सुरुवात करू म्हटलं. मंगलताईंनी मात्र आपला दुसरा प्रश्न त्या दिवशी विचारला नाही. त्याचं उत्तर आता बदललं होतं.

जन्मकल्याणकाच्या दिवशी गुणमाला मंडपाच्या कडेला एकटीच उभी होती. वाजंत्री जवळ आली, हत्ती दिसू लागला, वर मुकुट घातलेले सम्मेद आणि राजमती. जमीन थोडी डोलत होती, पण तिने काही धरलं नव्हतं. इतक्यात जवाहर गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने तिचा दंड घट्ट पकडला. आजूबाजूच्या बायकांनी कळवळून जागा करून दिली.

"सोडा. मी नीट उभी हाय."

"ऱ्हाऊ दे," हत्तीकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत तो म्हणाला. "मी खाली का हाय, ते दिसू दे लोकांना."

मिरवणूक वळणाआड जाईपर्यंत त्याने दंड सोडला नाही.