एकाच पंपासमोरून चार वेळा

सोमवारी सकाळी पावणेआठला मी इस्त्रीचे कपडे घातले, केस नीट बांधले, मनगटावर घड्याळ चढवलं आणि झोपायच्या खोलीतून जेवणाच्या टेबलापर्यंत कामाला गेले. अकरा पावलं. मुलगी तोंडात ब्रश घेऊन दारात उभी होती.

"आई, घरात बूट?"

"कामावर कोणी अनवाणी जातं का?"

ती हसली आणि पेस्ट जमिनीवर सांडली. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी मला कशाचा राग येत नव्हता, इतकी मी खूश होते.

एकोणीस वर्षं मी डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर होते. नंबर द्यायचे, फोन घ्यायचे, थेंब घातलेल्या लोकांना हाताला धरून बसवायचं. काम वाईट नव्हतं, पण डोळे मिटूनही जमेल इतकं ते अंगवळणी पडलं होतं. मग कुणाकडून तरी व्हर्च्युअल असिस्टंट हा प्रकार कळला. घरी बसून दूरच्या माणसाचं ऑफिस सांभाळायचं. त्याचे फोन, त्याचे ईमेल, त्याचं कॅलेंडर, आणि आपण कुणाचे नोकर नाही, आपल्या धंद्याचे मालक. मी तीन महिने इकडेतिकडे लिहिलं तेव्हा कुठे एक क्लायंट गळाला लागला. जनावरांचे डॉक्टर. इथून दोनशे किलोमीटरवर, गाडी घेऊन गोठ्यागोठ्यांत फिरणारे. त्यांनी एक आठवडा चाचणी घ्यायचं ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला निकाल.

माझ्या जुन्या डॉक्टरांनी तेवढी सुट्टी दिली. "शनिवार दुपारपर्यंत कळवा," ते म्हणाले. "नाहीतर मी दुसरी मुलगी ठेवतो." वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलगी म्हटल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले.

नवरा गाडी चालवायला शिकवतो. त्यानं माझं टेबल बघितलं. दोन फोन, लॅपटॉप, टोकदार पेन्सिली. "पहिल्या दिवशी सगळे आरसे असेच नीट लावतात," तो म्हणाला. मी त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं.

सोमवारी मी एकवीस फोन घेतले. लंगडी घोडी, न खाणारी मेंढी, कान खाजवून रक्त काढलेला कुत्रा. मंगळवारचा दिवस मी असा लावला की माझा मलाच अभिमान वाटावा. ज्याचा फोन आधी त्याचा नंबर आधी, प्रत्येकाला अर्धा तास, मध्ये कुठे फट नाही. कॅलेंडर पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं दिसत होतं.

मंगळवारी दुपारी दोनला डॉक्टरांचा फोन आला.

"ताई, एक विचारू? माझ्याकडून काही चूक झाली का?"

"नाही हो डॉक्टर! का?"

"सकाळपासून एकाच पेट्रोल पंपासमोरून मी चौथ्यांदा जातोय. तिथला माणूस आता हात करायला लागलाय. मघाशी तर त्यानं गाडी थांबवून विचारलं, काही हरवलंय का म्हणून."

मी यादी उघडली आणि माझे कान तापले. डोळ्यांच्या दवाखान्यात माणसं चालत माझ्याकडे यायची. कोण किती लांबून आलं हे मला एकोणीस वर्षांत कधी बघावं लागलं नव्हतं. इथे पेशंट जागेवर आणि डॉक्टर चाकांवर. मी त्या बिचाऱ्याला पूर्वेला पाठवलं होतं, मग पश्चिमेला, पुन्हा पूर्वेला, आणि मध्ये दोन वेळा उगाचच टेकडीवर.

"माझी चूक," मी म्हणाले. सबब सुचत होती, पण दिली नाही. "उद्यापासून असं होणार नाही."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी त्या भागाचा मोठा नकाशा छापून आणला आणि भिंतीवर चिकटवला. नवऱ्याला हाक मारली. आता त्याला भाव चढला. "रस्ते आधी, माणसं नंतर," असं म्हणत त्यानं मास्तरकी सुरू केली. इथे वळण बिकट दिसतंय, हा हमरस्ता म्हणजे दुपारी ट्रक असणार, इथून आत गेलं की तिथून बाहेर पडता येतं. मुलीनं टाचण्या टोचल्या. दोन तासांत आठवडा पट्ट्यापट्ट्यांनी लागला. प्रत्येक दिवशी एकच बाजू, गाडी एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला पोचणार.

बुधवारी सकाळी मी सगळ्यांना फोन करून वेळा बदलल्या. "मी आधी फोन केला होता!" असं दोघंतिघं तडकले. त्यांची समजूत घातली. आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. तुमच्याकडे यायला कुठून वळायचं? आणि तुम्ही फोन उचलला नाही तर कोणाला करू? लोकांना आपल्या घराचा रस्ता सांगायला फार आवडतं, हे मला माहीतच नव्हतं. शेळ्यांवाला मालक दहा मिनिटं बोलला. त्याच्याकडे रेंज नाही, घरचा फोन गोठ्यात ऐकू येत नाही, काही अडलं तर वळणावरच्या बेकरीत सांगा, ती बाई सायकलवरून निरोप आणते. मी सगळं लिहून घेतलं.

गुरुवारी सव्वाअकराला एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. आवाज थरथरत होता. "गाय अडलीय. एकच पाय बाहेर आलाय. पहाटेपासून कळा देतेय, आता खाली बसलीय." रस्ता विचारून मी नकाशावर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की असा फोन आला तर बाकी सगळं बाजूला. मी लगेच त्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. यादी बघितली. शेळ्यांवाल्याकडे! घरचा फोन वाजून वाजून थांबला. मी बेकरीचा नंबर फिरवला.

"बाई, सायकल आहे का जवळ?"

"आहे की."

"शेळ्यांच्या गोठ्यात डॉक्टर आहेत. सांगा, गाय अडलीय, वळणापाशी येऊन फोन करा. पळा!"

ती पळाली. फोन ठेवायचंही विसरली, मला दुकानातली घंटा ऐकू आली. दुसऱ्या फोनवर म्हातारीचा श्वास. नवरा जेवायला आला होता, मी तो फोन त्याच्या कानाला लावला. "बोलत राहा त्यांच्याशी. पाय ओढू देऊ नकोस." ज्या माणसानं जन्मात गायीला हात लावला नाही, तो म्हणायला लागला, "आजी, घाबरू नका. तिच्या पाठीवर हात फिरवा. हं, असंच."

डॉक्टरांचा फोन आला. "किती लांब?"

"याच रस्त्यावर, पुढचं डावं वळण, हिरवं फाटक. सात मिनिटं!"

मंगळवारसारख्या यादीनं ते निम्म्या जिल्ह्यापलीकडे असते. मी उभी राहिले. पुढची चाळीस मिनिटं मी बसलेच नाही. म्हातारीनं फोन चालूच ठेवून कुठेतरी ठेवला होता. गाडीचा आवाज, बादलीचा आवाज, डॉक्टरांचं "धरा, धरा, आता सोडा," मग काहीच नाही. नवऱ्यानं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

"आलं!" म्हातारी किंचाळली. "आलं गं बाई!"

"जिवंत आहे?" आम्ही दोघंही ओरडलो.

"शिंकतंय!"

आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती नाचलो. खरोखर नाचलो, बूट घालून.

पण डॉक्टर त्यावर काही बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी फक्त एका औषधाची चौकशी केली. दुपार गेली. साडेपाच झाले. मंगळवारचं ते "बरं" माझ्या डोक्यातून जाईना. मला हे काम हवं होतं. उद्या जुन्या डॉक्टरांना कळवून पुन्हा त्या रिसेप्शनच्या काचेमागे जाऊन बसायचं, या कल्पनेनं माझे डोळे भरून आले.

पावणेसहाला डॉक्टरांचा एका ओळीचा ईमेल आला. "कॅलेंडर बघा, मी एक नोंद केलीय."

पुढचा आठवडा उघडला. काही नाही. पुढचा महिना. नाही. मी पानं पुढे ढकलत राहिले. पाच महिन्यांनंतरचा एक पूर्ण दिवस लाल केलेला होता.

"माझ्या मुलीचं शाळेतलं नाटक. तीन वर्षं चुकलंय. ताई, त्या दिवशी कोणीही रडू दे, मला गोठ्यांकडे सोडू नका. पेशंट कोणाकडे पाठवायचे ते तुम्ही ठरवा."

मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. चाचणी एका आठवड्याची, आणि हे पाच महिने! मग डोळे पुसले, नकाशासमोर उभी राहिले, आणि त्या दिवसासाठी शेजारच्या भागातल्या डॉक्टरांना फोन लावला.

"नमस्कार," मी म्हणाले, "मी डॉक्टरांच्या ऑफिसमधून बोलतेय."