नवऱ्याच्या नावाची जागा

हळदीच्या दिवशी दुपारी ताजबीला कोणी विचारलं असतं, की बाई, तुला आत्ता काय पाहिजे, तर तिने सांगितलं असतं, मला जरा आडवं पडू द्या. बाकी काही नको. आठवडाभर घरात पाहुण्यांचा राबता, चहाच्या टोपाला विसावा नाही, मे महिन्याची उकड अशी की ओढणी पिळून घ्यावी, आणि वर हे गुडघे. पण नातीचं लग्न म्हटल्यावर दादीने आडवं पडायचं नसतं. हा नियम कोणी केला कोण जाणे, पण त्याचे स्वतःचे गुडघे शाबूत असणार.

आणि नुसत्या कामाने माणूस एवढं थकत नाही. ताजबी एका गाण्याला घाबरून थकली होती.

झालं असं, की नवरी म्हणजे तिची नात महरीन हटून बसली. "दादी, स्पीकरवरची गाणी सगळ्यांच्याच हळदीत वाजतात गो. मला तुझं पाहिजे. ते गलबताचं."

ताजबीच्या हातातली चाळण तिथेच थांबली. "गलबताचं तुला कोणी सांगितलं?"

"दादाअब्बांनी. म्हणाले, तू पोरगी होतीस तेव्हा पूर्णगडात तुझा आवाज बंदरापर्यंत जायचा."

म्हणजे तिचा नवरा रशीद विसरला नव्हता! "मला नाय येत आता. गेली कितीतरी वर्षं म्हटलं नाय," असं ती पुटपुटली, पण महरीन कसली ऐकते. नवरी मुलगी, त्यात लाडकी. तिने गळ्यात हात टाकले आणि विषय मिटला.

आता ते गाणं काय, ते सांगायला हवं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मुसलमान घरांतून हळदीला बायका जी गाणी म्हणतात, ती कुठे छापलेली नाहीत. आईने म्हटली, पोरीने ऐकली, एवढाच त्यांचा पत्ता. त्यातलं हे एक, ताजबीच्या आईचं:

बंदरात गलबत लागलं गो बाय, लागलं गो,
सुकाणू धरून कोण गो आला, कोण गो?

आणि मग ढोलकीवर थाप पडते आणि उत्तर येतं: अमका माजा आला गो, अमका माजा आला गो! अमका म्हणजे ज्याचं लग्न असेल तो नवरा. गाण्यात तेवढी जागा मोकळी ठेवलेली. आज हसनचं लग्न, हसन घाला. उद्या सलीमचं, सलीम घाला. गाणं तेच राहतं आणि नवरे बदलतात, त्यात काय कठीण आहे?

ताजबीला कठीण होतं. तिच्या तोंडात ती जागा कधीच मोकळी नव्हती. तिथे अक्रम बसला होता.

अक्रम पूर्णगडचाच, तिच्याच मोहल्ल्यातला, मामाच्या होडीवर जाणारा पोरगा. दोघांत झालं काय म्हणाल, तर काहीच नाही. तो विहिरीच्या वाटेने विनाकारण फेऱ्या मारायचा आणि तिची कळशी विनाकारण लवकर रिकामी व्हायची. एकदा त्याने तिला ओली मासळी द्यायच्या निमित्ताने दारात उभं राहून "काय गो, बरी हायस ना?" एवढं विचारलं होतं. त्या एका वाक्यावर ती सबंध पावसाळा जगली. आज पोरींना सांगितलं तर हसतील. हसू देत. पहिलं प्रेम असंच येडं असतं, आणि ताजबीचं खरं होतं.

मग मोहल्ल्यात हसनची हळद झाली. ताजबी गाणाऱ्यांत पुढे. अक्रम बाहेर मांडवात पाणी वाढत होता, हे तिला पक्कं ठाऊक. शेवटच्या कडव्याला ढोलकी दणाणली, सगळ्या टाळ्या पिटायला लागल्या, कोणाचं कोणाला ऐकू येईना, आणि त्या गोंधळात तिने धाडस केलं. हसनच्या जागी अक्रम घातला! 'अक्रम माजा आला गो!' घशाच्या शिरा ताणून म्हटलं. कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो बाहेर ऐकून लाल झाला असेल, एवढ्या विचाराने ती रात्रभर गालात हसत होती.

त्यानंतर तिला मागणी आली ती भाट्ये गावच्या रशीदची. मुलगा कुवेतला, घरचे लोक चांगले, नकार द्यायला जागा नव्हती. कोणी जबरदस्ती केली नाही. खरं म्हणजे कोणी विचारलंच नाही. अक्रम बोलला नाही, ती बोलली नाही. तो पुढे जहाजावर लागला, मुंबईत लग्न करून तिकडेच राहिला, आणि दोन वर्षांपूर्वी वारल्याचं तिने कोणाच्या तरी तोंडून उडतं ऐकलं.

रशीद वाईट माणूस असता तर तिचं सोपं झालं असतं. पण रशीदने तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. तीस वर्षं वाळवंटात घाम गाळला, सुट्टीला आला की पोरांआधी तिच्या तब्येतीची चौकशी. आता म्हातारपणी घरी बसला तर सकाळी तिच्या गोळ्या तोच काढून देतो, आणि आंबा कापला तर बाठा स्वतः चोखतो, गालाच्या फोडी तिच्या ताटलीत सरकवतो. या माणसासमोर या वयात दुसऱ्याचं नाव तोंडातून निसटलं तर? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी, असं तिला मनापासून वाटायचं.

लग्नानंतर पहिली काही वर्षं तो सुट्टीत यायचा तेव्हा म्हणायचा, "ताज, ते गलबताचं म्हण ना." ती म्हणायची, विसरले. एका वर्षी त्याने मागणं बंद केलं. तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि कशाला खोटं बोला, थोडं वाईटही वाटलं.

तर हळदीच्या दिवशी सकाळपासून ताजबी तांदूळ निवडताना, कांदे चिरताना एकच घोकत होती. झैन माजा आला गो. नवऱ्या मुलाचं नाव झैन. आता हे काय नाव आहे! मुलगा गुणी आहे, दापोलीला नोकरी करतो, सगळं कबूल. पण नाव एवढंसं, की थाप पडायच्या आत संपतं आणि मागे खड्डा उरतो. हसन, सलीम, रशीद कसे थापेवर थाप बसतात. शेवटी तिने 'झैनू' करून बसवलं. दहा वेळा म्हणून पाहिलं, एकदाही चुकलं नाही.

ताजबीच्या मुलाच्या नव्या बंगल्याच्या अंगणात मांडव. बायका आतल्या मोठ्या खोलीत, पुरुष बाहेर. महरीन पिवळी होऊन पाटावर बसलेली, सासरच्या बायका समोर. ताजबीला खुर्ची दिली आणि हातात माईक कोंबला.

"हे कशाला मेलं?" ती म्हणाली. "खोलीत ऐकू जातंय की."

"असू दे गो दादी, व्हिडिओत आवाज चांगला येतो."

तो माईक बाहेरच्या मांडवातल्या दोन मोठ्या स्पीकरांना जोडलेला आहे, हे तिला सांगायचं कोणाला सुचलं नाही.

तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओळ खरखरली. दुसरीला जरा मोकळं झालं. खोलीतली कुजबुज थांबली. 'झैनू माजा आला गो' बरोबर जागेवर पडलं आणि पोरींनी टाळ्या धरल्या. ताजबीला धीर आला. दुसऱ्या कडव्यात तर ती खोलीत राहिलीच नाही. विहिरीची वाट, ओल्या कळशीचा कमरेला लागणारा गारवा, दारातलं ते "बरी हायस ना?", सगळं भरभर येत गेलं आणि तिला इतकं बरं वाटलं, की गुडघ्यांचासुद्धा विसर पडला. शेवटच्या कडव्याला ढोलकी चढली, तिने मान मागे टाकली आणि घशात होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला.

"अक्रम माजा आला गो, अक्रम माजा आला गो!"

टाळ्या अर्ध्यावर राहिल्या. बाहेरच्या स्पीकरमधून शेवटचा 'गो' परत खोलीत आला, तेव्हा तिला कळलं की आपला आवाज कुठवर गेला. तिचं धाबं दणाणलं.

"आमच्या पोराचं नाव झैन हाय हो," झैनची फुपी, म्हणजे आत्या, ताठ बसून म्हणाली. नवरीच्या डोक्यावर परक्याचं नाव घेतलेलं तिला रुचलं नव्हतं, आणि त्यात तिची चूक नव्हती.

महरीन मात्र खो खो हसत सुटली. "दादी गो! माझा नवराच बदललास!" तिने हळदीच्या हातांनी ताजबीचे गाल धरले. मग सगळ्याच हसल्या. वय झालं बिचारीचं, एवढी नावं कुठे लक्षात राहणार, असं बोलून सगळ्यांनी तिला सोडवलं. ताजबीने झैनचं नाव घेऊन कडवं पुरं केलं, फुपीची माफी मागितली आणि माईक खाली ठेवला.

ती बाहेर आली. मांडवात रशीदची खुर्ची रिकामी. पुढ्यात चहा तसाच, वर साय धरलेली.

"चाचा घरी गेले," वाढपी म्हणाला. "बरं वाटत नाय म्हणाले."

नारळीच्या बागेतून जुन्या घराकडे जाणारी वाट ती रोजच चालायची, पण आज ती संपेना. मनात एकच, की गेलं सगळं, इतकी वर्षं जपलं आणि शेवटाला आपल्याच तोंडाने घालवलं. माणसाने एवढी वर्षं कष्ट उपसून काय ऐकलं, तर हे.

रशीद पडवीत बाकड्यावर बसला होता. उन्हं उतरली होती. ती त्याच्या शेजारी टेकली.

"चहा टाकून आलात."

"हो."

"कानातलं यंत्र काढलंत?" तिने वेड्या आशेने विचारलं.

"घातलंय."

आता लपवायला काही उरलं नाही. तरी ती म्हणाली, "नाव चुकलं हो माझं. वय झालं."

"वयाचं काय?" रशीद शांतपणे म्हणाला. "हसनच्या हळदीला तू अठरा-एकोणीसची होतीस. तेव्हाही तू हेच नाव घेतलंस."

"तुम्हाला कसं ठाऊक?" ताजबीने विचारलं.

"मी होतो तिथे. हसनच्या चुलतभावाबरोबर आलेलो, पाहुणा. मला तिथलं कोण माहीत नाय. आतून तुझा आवाज आला नि हातातलं शरबत हातातच राहिलं. ठरवलं, लग्न केलं तर हिच्याशी. शेवटाला तू म्हणालीस, अक्रम माजा आला गो. मला वाटलं, नवऱ्याचं नाव अक्रम! दुसऱ्या दिवशी निकाह झाल्यावर हसनला मिठी मारून म्हटलं, अक्रमभाई, मुबारक! सगळा मांडव हसला मला. म्हटलं, आपण चुकीचं ऐकलं."

"मग?"

"मग आपलं लग्न झालं. एका ईदला पूर्णगडला गेलो होतो, आठवतंय? बंदरावर कोणीतरी हाक मारली, ए अक्रम! होडीतल्या माणसाने मान वर केली. मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली वाळूत बघत होतीस."

"विचारलंत का नाय मला?"

"काय विचारायचं? दोन महिन्यांची सुट्टी. ती भांडणात घालवू? तू माझ्याशी कधी वाईट वागली नायस. गाण्याने तुला त्रास होत असेल म्हणून गाणं मागायचं सोडून दिलं. आता महरीनने विचारलं म्हणून बोललो. म्हटलं, इतक्या वर्षांनी काय उरलंय. पण नाव ऐकलं नि तिथे बसवेना."

ताजबीला वाटलं होतं, ती त्याचे पाय धरील. पण तिला आला संताप. असा संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! सगळं माहीत होतं, नि मी इथे तोंड शिवून बसले! पोरांना अंगाई म्हटली नाय मी, रशीद. सूर लागला की मागून ते गाणं येईल, ही भीती. सगळ्या गावाच्या हळदी झाल्या, बायका हातापाया पडल्या, मी म्हटलं घसा धरलाय. कोणासाठी? तुम्हाला लागू नये म्हणून!"

तिने त्याला नावाने हाक मारली होती. पहिल्यांदाच. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

"मला वाटलं तुला गायचं नाय," रशीद म्हणाला. "एकदा तरी बोलायचंस."

"तुम्ही बोलायचंत!"

दोघांनीही बोलायला हवं होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"त्या अक्रमचं मला काय राहिलेलं नाय हो," ती म्हणाली. आवाज बसला होता. "त्याचं तोंड कसं होतं ते पण आठवत नाय. तो मेला ऐकलं त्या दिवशी मी भाकऱ्या भाजत होते, एक पण करपली नाय. पण गळा माझा होता. तो त्याचा नव्हता, तुमचा नव्हता. तो मी फुकट घालवला."

"आज गायलीस की," रशीद म्हणाला.

"आज कसलं गायले? वर चढलाच नाय आवाज. ऐकलंत ना?"

रशीद खोटं बोलू शकला असता. तिने ते खरं मानूनही घेतलं असतं. पण आज दोघांनाही त्याचा कंटाळा आला होता.

"ऐकलं," तो म्हणाला. "नाय चढला."

तेव्हा ताजबीला रडू फुटलं. अक्रमसाठीचं रडणं असतं तर ते कधीच रडून झालं असतं. हे तिच्या आवाजासाठी होतं, आणि रशीदला ते कळलं, म्हणून त्याने तिला गप्प हो म्हटलं नाही.