ए विंगचे एकोणीस लिटर

सिद्धेश परबने बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं ते उपकार म्हणून. अंधेरीत एका जर्मन कंपनीत तो आलेख बनवतो. 'बनवतो' म्हटलेलं त्याला खपत नाही. 'डेटा बोलका करतो' म्हणायचं. तिथल्या साहेबांसारखं हजारानंतर स्वल्पविरामाऐवजी टिंब द्यायची सवय त्याने लावून घेतली होती. कुणी स्वल्पविराम दिला की तो असा बघायचा, जणू समोरच्याने बशीतून चहा ओढलाय.

उन्हाळ्यात पाणी पुरेना. सिद्धेशने ठरवलं, एका विंगचा वॉल्व्ह संध्याकाळी बंद ठेवायचा. कुठल्या, ते आलेख सांगेल. तो स्वतः ए विंगचा, त्यामुळे आलेख काय सांगणार याची त्याला फारशी काळजी नव्हती. काळजी होती ॲन्ड्रिया परेराला. बी विंगच्या तळमजल्यावर तिचं पाळणाघर. आईबाप ऑफिसातून परतेपर्यंत मुलं तिच्याकडे. संध्याकाळी पाणी गेलं की पाळणाघर बंद, आणि तिचं घर त्यावरच चालतं. पिंप भरून ठेवा ना आंटी, असा सल्ला सिद्धेशने दिला होता. इतक्या मुलांची ढुंगणं धुवायला किती पिंपं लागतात, हा डेटा त्याच्याकडे नव्हता.

सभेत पडद्यावर आलेख आला. बी विंगचा निळा खांब वरपर्यंत भिडलेला. ए विंगला खांबच नाही, तळाशी नुसती रेघ. ए विंगने टाळ्या वाजवल्या. त्याच विंगची सपना ठक्कर उठून म्हणाली, की फिल्टरचं वाया जाणारं पाणी ती झाडांना घालते, त्याचंच हे फळ. तिच्या शेजारच्या भाऊरावांनी आपल्या घरातल्या काटकसरीवर भाषण केलं. हे गृहस्थ रोज सकाळी गाडीला पाइपने आंघोळ घालतात. पण पडद्यावर आपलं कौतुक दिसलं की माणसाला ते पटतंच.

ठराव लगेच वाचला गेला. निःपक्षपाती दिसावा म्हणून शब्द होते, 'ज्या विंगचा वापर जास्त, तिचा वॉल्व्ह'. ए विंगचे सगळे हात वर. बी विंगची अर्धी माणसं आलीच नव्हती. ठराव मंजूर.

ॲन्ड्रिया उठून पडद्याजवळ गेली. रेघेवरचा बारीक आकडा तिने मोठ्याने वाचला : रोज एकोणीस लिटर.

"बत्तीस घरं आणि एकोणीस लिटर," ती म्हणाली. "सिद्धेश, बाळा, तुम्ही लोक धुता तरी काय, ते सांग. काय धुवत नाही, ते आमचं आम्ही समजू."

सिद्धेशने सॉफ्टवेअर आकडे जवळच्या पूर्णांकात नेतं वगैरे सुरू केलं. मग तक्ता उघडला. ए विंगचा आकडा त्याने स्वतः टाकला होता : 18.640. बी विंगचा ॲन्ड्रियाच्या शेजारच्या नेव्हिलने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, तसाच चिकटवलेला : 17,920. आलेख काढणाऱ्या वेबसाइटला टिंब म्हणजे दशांशचिन्ह एवढंच ठाऊक. तिने ए विंगचं अठरा हजारांवर लिटर पाणी एका बादलीत बसवलं होतं.

"जर्मनीत हे बरोबर आहे," सिद्धेश म्हणाला.

"मग जर्मनीतला वॉल्व्ह बंद कर," नेव्हिल म्हणाला.

टिंबाचा स्वल्पविराम झाला. ए विंगचा खांब सरसर वर चढला आणि बी विंगच्या पुढे जाऊन थांबला. या खेपेला टाळ्या वाजल्या नाहीत. मंजूर ठराव आता कुणाला लागू होतो, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. चित्र बघून कुणाचं पाणी तोडू नये, हा शोध भाऊरावांना लागला. सपनाला आपण सगळे एकच कुटुंब असल्याचं आठवलं. ठराव रद्द करा, अशी सूचना ए विंगनेच मांडली. पण तोवर नेव्हिलने फोन फिरवले होते आणि बी विंगची माणसं घरच्या कपड्यांत खाली उतरली होती. दोन्हीकडचे हात आता सारखे होते, एकट्या ए विंगने काही रद्द होणार नव्हतं.

"रद्द करू या," ॲन्ड्रिया म्हणाली. "पण आधी लिहा, की कुठल्याच विंगचा वॉल्व्ह बंद होणार नाही. मग हात वर करते."

सिद्धेशने ते टाइप केलं आणि दोन्ही विंगचे हात वर गेले. छापून सही-शिक्का होईपर्यंत ती त्याच्या खुर्चीमागून हलली नाही. ए विंग तोवर घरी पोचली होती, आणि तिथल्या पिंपांत पडणाऱ्या पाण्याचा आवाज खालपर्यंत येत होता.