दोनशेचा वाटा

भार्गवीने ‘कला’ शाखेवर बोट दाबलं, खाली ‘अर्थशास्त्र’ निवडलं आणि लॅपटॉप तसाच उघडा उचलून ओटीवर आणला. अकरावीचा ऑनलाइन अर्ज दुपारी बारा वाजता बंद होणार होता. तो कायम करायचा तर सहा आकडी ओटीपी हवा, आणि तो जाणार बाबांच्या फोनवर. नोंदणीच्या वेळी त्यांनी हौसेने स्वतःचाच नंबर घातला होता.

बाबा, म्हणजे दत्तात्रेय मास्तर, खुर्चीत बसून, पायरीवर टेकलेल्या मासळीवाल्या यमुनाबाईंच्या टोपलीत डोकावत होते. तेवीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस, आणि मुलगी दहावीला चौऱ्याण्णव टक्के मिळवून आलेली. ती सायन्सला जाणार हे त्यांनी निकालाच्या दिवशीच पेढ्यांबरोबर अख्ख्या मांडवी गावात वाटून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं.

“कसे दिलेत?”

“दोनशेला वाटा,” यमुनाबाई म्हणाल्या. “खाडीतले मुडदुशे हायत, आत्ताचे.”

मास्तर खूश झाले.

“बघ भार्गवी. पावसाळ्याची बोटींना बंदी लागली, बाजारात सगळे लुटतायत. यमुनाबाईंनी रुपया वाढवला नाही. याला म्हणतात आपलं माणूस.”

“बंदीच्या आधी वाट्यात नऊ मासे असायचे,” भार्गवी म्हणाली. “आता पाच आहेत.”

मास्तरांनी वाकून मोजले. पाचच होते. पुन्हा मोजले, म्हणून काही सहावा झाला नाही.

यमुनाबाईंनी ओशाळायचं सोडून सरळ हसून घेतलं.

“भाव वाढवला की गिऱ्हाईक तोंड फिरवतं, मास्तर. वाट्यातला मासा कोण मोजत नाय. आता मासाच नाय मिळत तर देऊ कुठनं?”

“मला हेच शिकायचंय, अर्थशास्त्र,” म्हणत भार्गवीने ‘कला’ निवडलेला अर्ज त्यांच्यापुढे धरला.

“त्याला कॉलेज कशाला? यमुनाबाईंना येतं की शाळेत न जाता.”

“त्यांना येतं. तुम्हाला कुठे आलं?”

बाबांना असं तोंडावर या घरात कुणी बोलत नसे. पण महिनाभर गप्प राहून तिने बघितलं होतं. गप्प बसलेल्या मुलीला लोक परस्पर डॉक्टर करून टाकतात.

मास्तरांचे कान लाल झाले.

“चौऱ्याण्णव टक्के मिळवून आर्ट्स? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“घालू देत. अकरावी मला करायचीय, लोकांना नाही.”

तिने बटण दाबलं. मास्तरांच्या मांडीवरचा फोन वाजला.

“सांगा, बाबा.”

त्यांनी मांडीवरच्या फोनवर वाकून मेसेज उघडला. मग वर्गात गुण वाचून दाखवतात त्या आवाजात म्हणाले, “चार. शून्य. नऊ. नऊ. दोन.”

आणि थांबले.

“सहावा?”

“आधी सायन्स घाल. मग सांगतो.”

भार्गवीने पाच आकडे भरले. एक चौकट रिकामी राहिली. तीन वेळा चुकलं की अर्ज आजच्यापुरता बंद, हे खाली लाल अक्षरात लिहिलेलंच होतं, आणि आजच शेवटचा दिवस. घड्याळात अकरा पन्नास झाले होते. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा भयंकर रागही येत होता. तिने बोट शून्यावर नेलं.

“चुकेल,” मास्तर म्हणाले.

“चुकू दे. चुकलं तर माझं मी चुकेन.”

“सात,” यमुनाबाई म्हणाल्या.

दोघांनीही वळून बघितलं. यमुनाबाई पायरीवरून अर्धवट उठून मास्तरांच्या मांडीकडे बघत होत्या.

“सात हाय गो शेवटला. दिवसभर गिऱ्हाइकांच्या फोनात बघते मी, पैशे गेले का नाय ते. आकडे मला लांबून दिसतात.”

“यमुनाबाई, हा आमच्या घरातला विषय आहे.”

“पोरीचा हाय विषय, मास्तर.”

मास्तरांनी फोन घाईघाईने पालथा घातला. तोवर भार्गवीने सात दाबला होता.