एकशेबारा नावांचा समुद्र

मित्रांनो, आधी अण्णाप्पांचा फायदा सांगते, मग माझी ओळख करून देते. कोल्हापुरात राजारामपुरीत पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवणाऱ्या अण्णाप्पांना धाकट्या लेकीचं, पवित्राचं, लग्न समुद्राकाठी ऐंशी माणसांत उरकायचं होतं. आणि चारशे माणसांच्या भावकीत एकाचंही तोंड वाकडं होऊ द्यायचं नव्हतं. जेवण ऐंशींचं, मान चारशेंचा. असा सौदा जमला तर कुणाला नको असतो?

मी एक जुनी लाकडी चौकट आहे. माझा धंदा लग्नपत्रिका छापण्याचा. माझ्यावर बारीक जाळी ताणून बसवलेली असते. खाली कागद, वर शाई. रबराची पट्टी ओढली की शाई जाळीतून उतरते आणि कागदावर नाव उमटतं. माझ्या मालकिणीच्या, वर्षाराणीच्या, वडिलांनी एका मोडक्या पलंगाचं सागवान घेऊन मला बनवलं. त्या पलंगावर कोण झोपत होतं ते मला आठवत नाही, पण पस्तीस वर्षं मी स्वतः झोपले नाही. एका हंगामात चाळीस-चाळीस लग्नं माझ्याखालून गेली. लोक म्हणायचे, ‘ह्या चौकटीचा हात चांगला आहे, हिनं छापलेली जोडपी टिकतात.’ मी छापलेली काही जोडपी पुढं कोर्टातही भेटली, पण ते कुणी मला येऊन सांगितलं नाही.

मग पत्रिका मोबाईलवर जाऊ लागल्या आणि मी खिळ्यावर गेले. चार वर्षं टांगलेली होते. पालीनं माझ्यामागं दोनदा अंडी घातली. आता वडिलांमागं दुकान वर्षाराणी चालवते. उसाच्या चिपाडापासून ती स्वतः कागद करू लागली, तेव्हा तिनं मला खाली काढलं, पुसलं आणि नवी जाळी बसवली. त्या कागदाच्या वासानंच पवित्रा एक दिवस दुकानात आली. तिला पत्रिका हातानं केलेलीच हवी होती.

तिची अट एकच होती. ऐंशीच्या वर एक पाहुणा आला, तर ती मांडवातून उठणार. कारण थोरल्या बहिणीच्या लग्नात पंधराशे माणसं होती. त्यात पवित्राला बहिणीचं तोंड काही दिसलं नव्हतं, पंधराशे पाठी तेवढ्या दिसल्या होत्या.

अण्णाप्पा मागोमाग आले. भावकीचा रुसवा काय असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण पाच वर्षांपूर्वी चुलतभावाच्या पत्रिकेत यांचं नाव दुसऱ्या रकान्यात गेलं म्हणून यांनीच त्या घरचं पाणी सोडलं होतं. त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर एकशेबारा नावं होती, भावकीतल्या दर घरचं एक.

“ही सगळी निमंत्रक म्हणून छापायची,” ते म्हणाले.

“आणि बोलवायची?” वर्षाराणीनं विचारलं.

“तीच तर गंमत हाय. पत्रिका काढणाऱ्याला कुणी पत्रिका देतं व्हय? निमंत्रकाला निमंत्रण कशाला? नाव छापलं, मान राखला, विषय संपला. बघायला म्हणून एकेक प्रत देऊ घरोघरी.”

“काका, नाव छापलं की माणूस येतंय.”

“तू शाई बघ.”

वर्षाराणीनं शाई बघितली. निमंत्रक एकशेबारा आणि पाहुणे ऐंशी, अशी पत्रिका पस्तीस वर्षांत माझ्याखालून गेली नव्हती.

एवढी नावं बसवायची कुठं? युक्ती पवित्राला सुचली. तिनं नावांच्याच लाटा केल्या. बारीक अक्षरात एकापुढं एक नाव, वळत गेलेलं, उसळलेलं. लांबून पाहिलं तर समुद्र, जवळून पाहिलं तर भावकी. सगळ्यात वरच्या लाटेवर आक्का, म्हणजे अण्णाप्पांची थोरली बहीण, गडहिंग्लजची. तिला दुसऱ्या लाटेत घालायची कुणाची हिंमत नव्हती. अण्णाप्पांनी स्वतःचं नाव नम्रपणे अगदी खाली, वाळूत घेतलं. नम्रतेला खर्च नसतो. सहा दिवस पवित्रा बसून नावं लिहीत होती. “आप्पा, चार बसवराज हायत ह्यात. कोण कोण?” तिनं विचारलं. अण्णाप्पांनाही चौथा सांगता आला नाही.

छापून झाल्यावर प्रत्येक पत्रिकेला सुतळीनं एक शिंपला बांधला. पहिली जोतिबाला गेली. ऐंशी पाहुण्यांना गेल्या आणि एकशेबारा ‘बघायला’ म्हणून गेल्या. आठवडाभर अण्णाप्पांना कौतुकाचे फोन आले. संगमेश नावाच्या एका चुलतपुतण्यानं ‘माझं नाव पाण्याखाली का?’ असं विचारलं, पण तेही हसून. अण्णाप्पा इतके खूश झाले की दुकानात येऊन वर्षाराणीला म्हणाले, “बघ, कोण येतंय?”

लग्नाला मीही गेले. पाहुण्यांच्या कापडी पिशव्यांवर वधूवरांची नावं तिथंच छापून द्यायची होती. गाडी घाट उतरली आणि मालवणच्या बाजूला मी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. खरं सांगते, आमचा जास्त सुबक होता.

सकाळी आठला, पाहुणे उठायच्या आत, दोन बसगाड्या आणि एक टेम्पो रिसॉर्टच्या फाटकात येऊन उभे राहिले. पहिल्या गाडीतून आक्का उतरली. तिच्यामागं भावकी. वर्षाराणीनं मोजली: ब्याण्णव. राहिलेल्या वीसपैकी काही म्हातारे होते, काही परगावी होते, आणि पाच जणांचं आक्काशी बोलणं बंद होतं.

मॅनेजर धावत आला. “आजी, बुकिंग ऐंशी पाहुण्यांचं आहे.”

“मग बरोबर हाय की,” आक्का म्हणाली. “पावणं ऐंशीच हायत, मोजून घ्या. आम्ही कुठं पावणं हाय? आम्ही घरची.” आणि तिनं पिशवीतून शिंपल्यासकट पत्रिका काढून त्याच्या हातात दिली.

अण्णाप्पा लुंगीवरच आले. त्यांनी तिला बाजूला घेतलं. “आक्का, तुला या म्हणून कुणी सांगितलं?”

“मला कोण सांगणार? म्याच सांगिटलंय लोकांना, या म्हणून. छापलंय न्हवं तू? आता दारात बोलवणारं माणूसच नसलं तर पावणं काय म्हणतील? टेम्पोत गव्हाची गोड हुग्गी हाय, भाकरी हायत. तुझ्या ताटाला आम्ही हात लावत न्हाय.”

एवढ्यात पवित्रा बाहेर आली. हाताला मेंदी, केस मोकळे. तिनं दोन बसगाड्या बघितल्या, मग वडिलांकडं बघितलं. अण्णाप्पांनी वाळूत नजर रोवली. ती मागं वळते की काय, असं वाटून आक्का तिच्याकडं निघाली.

तेवढ्यात गर्दीतून एक उंच माणूस पुढं आला. “ओळखलं का? मी तिसऱ्या लाटेतला. मल्लाप्पा.”

पवित्रानं त्याच्याकडं नीट पाहिलं. “तुमच्या नावातला ल्ल मी तीनदा खोडलाय,” ती म्हणाली. “बसवराज कोण कोण आलेत?”

चौघं पुढं झाले. चौथा जतचा निघाला, अण्णाप्पांच्या आत्याचा नातू. मग एकेक जण आपली लाट सांगू लागला. संगमेश म्हणाला, “मी पाण्याखालचा.” पवित्रा तेव्हा हसली. सहा दिवस नुसती नावं लिहिली होती, आज त्यांना तोंडं लागली. पाऊण तास ती एकेकापुढं उभी राहिली.

मग ती वडिलांकडं वळली. “आप्पा, ह्यांना तुम्ही बोलावलेलं न्हाय ना?”

“अगं, म्हंजे...”

“मग आता बोलवा. एकेकाला, नाव घेऊन. तरच मी मांडवात येते.”

तर मित्रांनो, ज्यांनी न बोलावता भागवायचं ठरवलं होतं, ते अण्णाप्पा फाटकात उभे राहिले आणि पत्रिका हातात धरून लाटांच्या क्रमानं वाचू लागले. एक नाव, एक नमस्कार, एक ‘या’. संगमेशनं ऐकू आलं नाही म्हणून दोनदा म्हणायला लावलं.

अक्षता पडल्या. खुर्च्या ऐंशीच होत्या, आणि यजमान बसत नसतात, म्हणून भावकी उभी राहिली. वाढायलाही तीच होती. नवऱ्यामुलाचा, रुद्रेशचा, एक मित्र म्हणाला की एवढ्या आग्रहानं त्याला सख्ख्या आईनंही कधी वाढलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी जेवले अण्णाप्पा, कारण वाळूतलं नाव शेवटचं होतं. हुग्गी संपली होती. आक्कानं पातेलं खरवडून दिलं.

आणि मी? पिशव्या छापून झाल्यावर मला माडाला टेकवून ठेवलं होतं. आक्काच्या गाडीतल्या पोरांना मी सापडले. त्यांनी माझी चाळण केली आणि दुपारभर वाळू चाळली. शिंपले भरपूर निघाले, पण जाळी टराटरा फाटली. पोरांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. काम झालं की आम्हाला गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत ठेवा, आणि ज्या कामाला बनवलं त्याच कामाला लावा. आणि मोठे झाल्यावर कुणाचं नाव छापायला याल, तर आधी त्याच्या घरी जाऊन त्याला ‘या’ म्हणून या.

बाकी हिशेब असा मिटला. ऐंशी पाहुणे बसून जेवले, ब्याण्णव यजमान वाढून जेवले, ‘या’ अण्णाप्पांनी त्र्याण्णव मोजले, संगमेशचा एक जादा. माझ्या नव्या जाळीचे पैसे आक्कानं कमरेची पिशवी सोडून तिथल्या तिथं वर्षाराणीला दिले. पावती मात्र अण्णाप्पांनी आपल्या नावानं करून घेतली.