जीपखालच्या जागेसाठी

मी एक जुना पाटा आहे. मित्रांनो, जीपच्या मागच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची वाकलेली कमान असते ना, तोच मी. डावीकडे मी, उजवीकडे माझा जोडीदार. असोद्याच्या भिकनभाऊंच्या जीपखाली आम्ही नऊ वर्षे केळीचे घड वाहिले. रस्त्यातला खड्डा त्यांच्या पाठीला कधी कळू दिला नाही.

१९८९ च्या जत्रेत रिकाम्या रानातल्या सरळ पट्ट्यावर जीपची शर्यत होती. धुळ्याचा हिलाल दोन वर्षे जिंकत होता. आमची चाके निघतानाच जागेवर गरगर फिरत. भिकनभाऊंनी धुळ्याहून स्वस्तात दोन जाडजूड पाटे आणले. केळी वाहणाऱ्यांचा हिशेब सरळ असतो: ओझ्याने गाडी खाली बसत नाही, तर पाटा झकास!

आम्हाला काढून कोपऱ्यात फेकले. नव्यांना मात्र हळदकुंकू, झेंडूचा हार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षांत मला साधे फूल मिळाले नव्हते, आणि रविवारी भंगारवाला यायचा होता. मला काही करून माझी जागा परत हवी होती.

सरावाला जीप निघाली आणि मागची चाके टणाटण उड्या मारू लागली. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! पिंप्राळ्याचे कौतिकआबा मिस्त्री मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी वाकून खाली पाहिले.

"भिकनभाऊ, गाडी रिकामी शे. मांगे जरा बसाले पाहिजे तिले, मंग चाक माती धरी. जुनाच पाटा लाव. पुढला अर्धा क्लिपा मारीसन आवळ, मांगला मोकळा ठेव."

आम्हाला परत जागेवर बसवून आबांनी भंगारातल्या चार क्लिपा, म्हणजे पट्ट्या एकत्र आवळणाऱ्या लोखंडी कड्या, आमच्यावर ठोकल्या. शर्यतीत जीप मागे दबली, चाकांनी माती धरली आणि हिलाल धुरळा खात मागे राहिला. भिकनभाऊंनी आम्हाला हात लावून नमस्कार केला. मी नव्यांकडे पाहून मनात म्हणालो, घ्या आता!

जिंकल्याच्या तोऱ्यात भिकनभाऊ ते नवे पाटे हिलालला देऊन मोकळे व्हायला निघाले. त्यांची बायको द्रौपदाबाई दारात आडवी आली.

"अहो, शर्यत वर्षातून एकदा. रोजचे घड कोण उचलणार? राहू द्या ते घरात."

"अगं, जुनेच पाटे आपले लकी आहेत," भिकनभाऊ हसले आणि नवे पाटे देऊन आले. माझ्या काळजाला थंडावा मिळाला.

पुढे केळीचा हंगाम आला. क्लिपा कोणी सैल केल्या नाहीत. पट्ट्यांमध्ये तेलाचा थेंब घातला नाही. दुप्पट घड भरले. भुसावळच्या रस्त्यावर क्लिपेपाशीच मी काडकन मोडलो. जीप उलटली, आणि भिकनभाऊंचा उजवा पाय कायमचा अधू झाला.

आता मी आबांच्या गॅरेजात गंजत पडलो आहे. हिलालची जीप घड भरून दारावरून जाते. तिच्याखाली ते दोघे तेल पिऊन ऐटीत झुलत असतात. मला आजही त्यांचा हेवा वाटतो.

मित्रांनो, जुन्याला तेलपाणी करा, आणि त्याला झेपेल तेवढेच काम द्या. द्रौपदाबाई दारात उभी होती, तेव्हा तिचे खरे आहे हे मला ठाऊक होते. मला तोंड नव्हते, म्हणून मी बोललो नाही. पण खरे सांगू? तोंड असते, तरी मी गप्पच बसलो असतो.